छपराखालचा तलाव आणि आषाढातील हवा

आषाढ लागला म्हणजे पेडणे वा डिचोली तालुक्यातील कोणत्याही घरात काही गोष्टी न सांगता घडू लागतात. मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. काड्यापेटीवर काडी ओढावी तर तिचे डोके झडून पडते. पापड हातात वाकतात, कपाटातील चामड्याच्या वहाणांवर पांढरी बुरशी चढते, आणि देवळात भजनाला बसलेला पखवाजवादक पुडी उतरली म्हणून पुन्हा पुन्हा गट्टे ठोकीत बसतो. ह्या साऱ्यांचा कर्ता एकच, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हवेत मिसळलेली पाण्याची वाफ हा तो कर्ता होय.

ह्या वाफेचा विचार आम्ही येथे एका विशिष्ट प्रश्नाच्या निमित्ताने करणार आहोत. पाऊस सुरू झाला की पोहण्याचे वर्ग बंद का पडतात, आणि तलावावर छप्पर घालून चार भिंती उभारल्या तर ते बारा महिने चालणार नाहीत काय, असा प्रश्न आम्हांस विद्यार्थ्यांनी विचारला. प्रश्न पोरवयाचा असला तरी पोरकट नव्हे. एका बाजूस तेरेखोल व दुसऱ्या बाजूस शापोरा, अशा दोन नद्यांमध्ये पेडणे तालुका वसलेला आहे. डिचोलीत मयेचे तळे आहे, हरवळ्याचा धबधबा आहे, आणि खाणी खणून झाल्यावर मागे राहिलेले, पावसाने भरलेले खोल खंदक आहेत. त्या खंदकांचे काठ सरळ तुटलेले असतात. आत पडलेल्यास धरावयास काही सापडत नाही. तेव्हा ज्या चार महिन्यांत पाणी सर्वांत जास्त व सर्वांत घातक असते, त्याच चार महिन्यांत पोहणे शिकविणे थांबते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

उघड्या तलावाच्या अडचणी स्पष्ट आहेत. वीज कडाडू लागली की मुलांना पाण्याबाहेर काढावे लागते. मुसळधार पावसाने पाण्यातील क्लोरीन विरळ होते आणि काठावरची माती व पालापाचोळा आत येतो. मग छप्पर घालावे, भिंती बांधाव्यात, खिडक्यांना काचा लावाव्यात, म्हणजे काम संपले असे वाटते. वास्तविक ते तेथेच सुरू होते.

प्रथम हवेत पाणी किती मावते ते पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर उंच अशा पेटीएवढी हवा घ्या. शून्य अंश सेल्सियसला ह्या हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम वाफ मावते. १० अंशांना ९.४ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम. म्हणजे तापमान दहा अंशांनी वाढले की वाफेची जागा जवळजवळ दुप्पट होते. हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्या शेकडा किती प्रत्यक्षात आहे, ह्या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ही हवा थंड करीत गेले म्हणजे एका तापमानाला ती वाफ काठोकाठ भरते आणि त्याखाली पाणी सुटू लागते. ते तापमान म्हणजे दवबिंदू. गार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्यास बाहेरून जो घाम येतो तो तांब्यातील पाण्याचा नव्हे, आपण ज्या हवेत बसलो आहोत तिचा आहे. हे वाक्य पाठ करण्यापेक्षा एकदा तांब्या समोर ठेवून पाहावे.

हवेतील वाफ मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. दोन सारखे तापमापक शेजारी शेजारी टांगावेत आणि एकाच्या फुग्यास ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळावी. पट्टीतील पाणी वाळते तेव्हा ते फुग्यातील उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला तापमापक खालचा आकडा दाखवितो. हवा जितकी कोरडी तितकी दोघांतील तफावत मोठी. आषाढात एके दुपारी आम्ही घेतलेल्या नोंदीत सुका तापमापक २८ अंशांवर आणि ओला २६.५ अंशांवर होता. केवळ दीड अंशाचे अंतर. कोष्टक पाहता सापेक्ष आर्द्रता शेकडा ८९ निघते. दर घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ, आणि दवबिंदू २६ अंश. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशा वर्गाच्या खोलीत १४७ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या दिवशी आमच्या वर्गात, फळा व बाके ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, साडेतीन लिटर पाणी अदृश्य रूपाने तरंगत होते! हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने डोक्यावर हात धरून वर पाहिले.

आता तलावाकडे वळू. पाण्याचा पृष्ठभाग वाफ सोडतो. ती किती सोडतो ह्याचा मूळ नियम जॉन डाल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिला. पाण्याच्या पृष्ठावरील वाफेचा दाब आणि हवेतील वाफेचा दाब ह्यांत जेवढी तफावत तेवढे बाष्पीभवन अधिक. त्यात वाऱ्याचा जोर मिळाला की ते आणखी वाढते. पोहणारे हातपाय मारून पाणी उसळवितात तेव्हाही ते वाढते, कारण ओला पृष्ठभाग विस्तारतो.

२५ मीटर लांब व साडेबारा मीटर रुंद असा बेताचा तलाव घेऊ. पाणी २८ अंश, हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता शेकडा ६० असताना, तलावात मुले पोहत असतील तर ताशी ५० लिटरांच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जाते. रात्री पाणी शांत असते तेव्हा हे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही चोवीस तासांत हजार लिटरांच्या जवळ जाते. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती बहुतांशी पाण्यातूनच जाते. ताशी ५० लिटर म्हणजे ३४ किलोवॅटची शेगडी अखंड जळत ठेवल्याइतकी ही उष्णता होय. थंड देशांत आच्छादित तलाव चालविण्याच्या खर्चाचा मोठा भाग हाच आहे.

ही वाफ बंद दालनात गेली की जाते कोठे? युरोपातील हिवाळ्यात उत्तर लगेच दिसते. आत ३० अंश, बाहेर शून्य, मध्ये काचेची तावदाने. त्या दालनातील हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या थोडा वर असतो, आणि काचेचा आतला पृष्ठभाग त्याहून कितीतरी गार. म्हणून काचा वाहू लागतात, चौकटी कुजतात. ह्याहून वाईट म्हणजे भिंतीच्या व छताच्या आत शिरलेली वाफ. ती दिसत नाही. भिंतीच्या पोटात जेथे गारवा लागतो तेथे तिचे पाणी होते, लाकूड आतून मऊ पडते आणि लोखंड आतून गंजते. ह्यासाठी तेथील स्थापत्यज्ञ भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या, बाजूस वाफ अडविणारा अखंड थर घालतात. दालनातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे फटींतून दमट हवा बाहेर न जाता बाहेरचीच थोडी आत येते. काचांच्या तळाशी लांबलचक झरोके ठेवून त्यांतून कोमट कोरडी हवा वर सोडतात. ती काचेवर पडद्यासारखी चढते आणि काच दवबिंदूच्या वर राहते. पाण्यावरून मात्र जोराचा झोत जाऊ देत नाहीत. हवा पाण्यापेक्षा एकदोन अंश गरम आणि आर्द्रता शेकडा ५० ते ६० ह्यांच्या दरम्यान, असा त्यांचा नेम आहे. हवा गरम राखल्याने पाण्यातून निघणाऱ्या ओल्या मुलास हुडहुडी भरत नाही आणि बाष्पीभवनही आटोक्यात राहते.

ह्यात हयगय झाली तर केवळ भिंतीवर डाग पडून भागत नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर ह्या गावी १९७२ साली एक आच्छादित तलाव सुरू झाला. त्याचे काँक्रीटचे आतले छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी वर टांगलेले होते. मे १९८५ मध्ये ते छत खाली कोसळले आणि १२ माणसे मृत्युमुखी पडली. सळ्या गंजलेल्या दिसत नव्हत्या. स्टेनलेस स्टील गंजत नाही अशीच सर्वांची भावना. परंतु तलावाच्या हवेतील क्लोरीनची संयुगे वाफेबरोबर वर जाऊन त्या सळ्यांवर बसत होती, आणि भाराने ताणलेल्या धातूस त्यांनी आतून बारीक चिरा पाडल्या होत्या. पाण्याजवळच्या शिड्या व दांडे रोज धुतले जातात, म्हणून ते टिकतात. छताच्या आतील सळ्या कोण धुणार? ह्या दुर्घटनेनंतर, साध्या प्रतीचे स्टेनलेस स्टील तलावाच्या दालनात भार टांगण्यास वापरू नये, हा धडा जगभरच्या बांधकामशास्त्राने घेतला.

पेडण्याच्या किनाऱ्यावरील वाचकांना ह्याचा पडताळा घरीच घेता येईल. हरमल, मांद्रे, मोरजी, केरी येथील एखाद्या जुन्या घराच्या खिडकीचे लोखंडी गज पाहावेत. पावसाने जेथे गज धुतला जातो त्यापेक्षा वळचणीच्या आडोशाला, जेथे खारा वारा पोचतो पण पाऊस पोचत नाही, तेथे गंज अधिक खोल गेलेला बहुधा आढळतो. मीठ तेच, ओलावा तोच; धुणारे पाणी तेवढे नाही. डिचोलीकडे, समुद्रापासून आत, हाच गज कितीतरी अधिक वर्षे टिकतो.

क्लोरीनच्या वासाविषयी येथेच एक गोष्ट सांगून टाकावीशी वाटते, कारण तिच्यासंबंधी गैरसमज फार आहे. तलावावर गेल्याबरोबर नाकात झोंबणारा वास आला की पाणी चांगले शुद्ध केलेले आहे असे पालक समजतात. तो वास शुद्ध क्लोरीनचा नसतो. पोहणाऱ्यांचा घाम व मूत्र ह्यांतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने नावाची संयुगे बनतात, आणि त्यांतील ट्रायक्लोरामाइन हा वायू पाण्यातून निघून डोळे चुरचुरवितो व खोकला आणतो. तेव्हा उग्र वास म्हणजे स्वच्छतेची नव्हे, अंग न धुता पाण्यात उतरलेल्या मंडळींची खूण होय. हा वायू हवेहून बराच जड असल्याने पाण्याच्या पृष्ठालगत, नेमका पोहणारा जेथे श्वास घेतो तेथे, रेंगाळतो. उलट वाफ हवेहून हलकी असते. दमट हवा जड असते ही सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. अंगाला चिकटते म्हणून ती जड वाटते इतकेच. पाण्याच्या रेणूचे वजन १८, आणि हवेतील नायट्रोजन व प्राणवायू ह्यांच्या मिश्रणाचे सरासरी २९ धरावे. म्हणून ऊन दमट हवा वर चढते आणि छपराच्या कण्याशी साठते. तलावाच्या इमारतीस ह्यामुळे दोन ठिकाणी वाटा लागतात: वाफेसाठी उंचावर, आणि त्या जड वायूसाठी पाण्याच्या पातळीजवळ. ज्या इमारतीत केवळ वर पंखे लावलेले असतात तेथे छत कोरडे राहूनही मुले खोकतात, ह्याचे कारण हेच.

आपल्या देशातही आच्छादित तलाव आहेत. दिल्लीतील तालकटोरा बागेजवळचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जलतरण संकुल २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी नव्याने उभारण्यात आले, आणि तेथील पोहण्याच्या शर्यती छपराखाली झाल्या. दिल्लीच्या जानेवारीत पहाटे ८ अंशांची हवा असते. तिच्यात फार तर ८.३ ग्रॅम वाफ मावते. तेथे हिवाळ्यात दालन बंद करणे व पाणी तापविणे समजण्यासारखे आहे. आमच्या गोव्यात २०२३ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा पोहण्याच्या शर्यती पणजीस कांपाल येथील तलावावर झाल्या. पण त्या पाऊस ओसरल्यावरच्या दिवसांत. आमचा प्रश्न आषाढाचा आहे.

आता खरा हिशेब. वर सांगितलेला २५ मीटरांचा तलाव एका बंद दालनात आहे, आत ३० अंश व शेकडा ६० आर्द्रता राखावयाची आहे असे धरा. म्हणजे आतील हवेत दर घनमीटरला १८ ग्रॅमांच्या किंचित वर वाफ असावी. बाहेर स्वित्झर्लंडचा हिवाळा असेल तर बाहेरच्या हवेत जेमतेम ४ ग्रॅम. बाहेरची एक घनमीटर हवा आत घेऊन आतली तेवढीच बाहेर सोडली की सुमारे १४ ग्रॅम वाफ गेली. ताशी ५० लिटर, म्हणजे ५०,००० ग्रॅम घालविण्यास ताशी सुमारे ३,५०० घनमीटर हवा पुरे. खिडकी उघडली तरी काम भागेल; केवळ आत आलेली हवा तापवावी लागेल.

तोच हिशेब आमच्या आषाढात करा. आत हवी १८ ग्रॅम, बाहेर आहे २४. बाहेरची एक घनमीटर हवा आत घेतली की वाफ जाण्याऐवजी ६ ग्रॅम वाढते! कितीही मोठा पंखा लावा. जितका मोठा तितका तोटा अधिक. पाश्चात्त्य पुस्तकातील नियम चुकीचा नाही, पण तो तेथल्या हवेसाठी लिहिलेला आहे, आणि तो येथे तसाच उतरवून घेतल्यास इमारत दमट करण्याची ती रीत होईल.

येथे कोणी म्हणेल की यंत्राने हवा वाळवावी. ते अशक्य नाही. विलिस कॅरियर ह्या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी योजना आखली ती ह्याच तत्त्वावर होती. उन्हाळ्याच्या दमटपणाने तेथील कागद फुगे आणि रंगीत छपाईचे एकावर एक रंग जुळत नसत. (पावसाळ्यात अंक छापावयास देणाऱ्या कोणासही ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.) कॅरियरने हवा थंड नळ्यांवरून नेली, दवबिंदूखाली उतरवून तिच्यातील पाणी काढून घेतले आणि मग ती आत सोडली. तलावासाठीही अशी यंत्रे मिळतात. वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते ती तलावाचे पाणी तापविण्यास परत दिली जाते, आणि थंड देशांत ही बचत फार मोलाची ठरते. पण आमच्या तलावास उष्णता नको आहे. आषाढात येथील पाणी आपोआप पोहण्याजोगे असते. म्हणजे यंत्राचा खर्च पूर्ण आणि लाभ अर्धा. त्यातच पावसाळ्यातील वादळी रात्री वीज गेली तर? बंद दालनात पाणी वाफ सोडीत राहणार, हवा काही तासांत भरून येणार, आणि सकाळी दार उघडणाऱ्यास छतावरून ठिबकणारे थेंब दिसणार. जी इमारत यंत्र थांबताच आजारी पडते ती तालुक्याच्या गावी बांधताना दहादा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वातानुकूलित खोल्यांचाही एक सापळा येथे आहे. तलावाशेजारी कार्यालयाची खोली असते आणि तिच्यात हवा २४ अंशांवर थंड केलेली असते. मधल्या भिंतीला सुंदर दिसते म्हणून काच बसवितात. आषाढात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंश, आणि काच त्याहून गार. परिणामी ती काच तलावाच्या बाजूने दिवसभर रडते. युरोपात पाणी काचेच्या आतून सुटते, येथे बाहेरून. त्यामुळे वाफ अडविणारा थरही येथे उलट बाजूस, म्हणजे दमट हवेच्या बाजूस, घालावा लागतो. नकाशा परक्या देशातून जसाच्या तसा आणला की हीच चूक होते.

मग करावे काय? ह्याचे अर्धे उत्तर आम्हांस आमच्या जुन्या घरांतच सापडते. त्या घरांच्या भिंती जाड चिऱ्यांच्या, गिलावा चुन्याचा, छप्पर उंच व उतरते, कौलांच्या फटींतून हवेला वाट, मध्यभागी राजांगण, पुढे पडवी. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यासारख्या मोठ्या वास्तूंत अनेक चौक ठेवण्यामागे थाटाचा भाग असेलच, पण प्रत्येक चौक म्हणजे आजूबाजूच्या खोल्यांना मिळालेले एक धुराडेही आहे. स्वयंपाकघरातील चुलीवरच्या माळ्याचे तर आम्हांस विशेष कौतुक वाटते. पुरुमेंताची सोले, सुकी मासळी, बियाण्याचे भात ह्यांस तेथेच जागा. चुलीने हवा पाचसात अंशांनी तापली की तिच्यातील वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून जिन्नस कोरडे राहतात. त्या माळ्यावर वाफ कमी केलेली नसते. वाफेसाठी जागा वाढविलेली असते.

दारे केव्हा उघडावीत हेही जुनी माणसे जाणत. चारपाच दिवस झड लागून भुई गार पडलेली असते. मग एके सकाळी ऊन पडते, दमट वारा सुटतो, आणि उत्साही माणूस घर वाळावे म्हणून सारी दारे सताड उघडतो. अर्ध्या तासात फरशीला घाम फुटतो. बाहेरची ऊन हवा आत येऊन गार फरशीवर दवबिंदूखाली गेली. आम्हीही ही चूक केली आहे. एकदा पुस्तकांच्या खोलीस बुरशीचा वास येऊ लागला म्हणून अशाच सकाळी खिडक्या उघडून आम्ही समाधानाने घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फळीवरील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बोट फिरविले तर ते ओले झाले. त्यानंतर ते दोन तापमापक त्या खोलीच्या दाराशी आले.

तलावाच्या बाबतीत ह्यावरून निघणारा मार्ग असा. भिंती बांधूच नयेत. छप्पर असावे, उंच व उतरते असावे, आणि त्याच्या कण्याशी लांबलचक वाट असावी, जिच्यावर पाऊस अडविण्यापुरते दुसरे लहान छप्पर असेल. बाजू मोकळ्या, पश्चिम व नैऋत्य ह्या झडीच्या दिशांना तेवढी वळचण अडीच-तीन मीटर पुढे आणावी आणि चिऱ्यांची जाळीदार भिंत घ्यावी. जुने लोक पावसापूर्वी विणलेल्या चुडतांचा आडोसा करीत तो झड अडवी, वारा मात्र झिरपू देई. जाळीचे काम तेच आहे. जाळीची छिद्रे पाण्याच्या पातळीजवळही असावीत, म्हणजे जड वायू साचणार नाही. तलावाचे पाणी काठोकाठ ठेवून वाहून जाऊ देण्याची योजना असेल तर अधिक उत्तम, कारण खोल काठांच्या आत तो वायू वाटीत राहावा तसा राहतो.

पण बाहेरची हवा दमट असताना मोकळ्या तलावात वाफ अधिक त्रास देणार नाही काय? येथे निसर्गच आमच्या बाजूने उभा राहतो. आषाढात २७ अंशांच्या पाण्यावर वाफेचा दाब सुमारे ३५.६ मिलिबार, आणि हवेतील वाफेचा दाब ३३.६ मिलिबार. तफावत दोनच मिलिबारांची. वर घेतलेल्या बंद दालनात तीच बारा मिलिबार होती. म्हणजे वारा सारखाच धरला तर मोकळ्या तलावाचे बाष्पीभवन त्याच्या सहाव्या हिश्शावर येते. ज्या कारणाने दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत त्याच कारणाने तलावही वाळत नाही, आणि पाणी गारही पडत नाही. आत व बाहेर हवा एकच असल्याने कोणतीही पृष्ठभूमी तिच्याहून फार गार राहत नाही, म्हणून घामही थोडा.

थोडा म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. छप्पर जर पातळ पत्र्याचे असेल तर पौष-माघातील निरभ्र रात्री ते आकाशाकडे आपली उष्णता फेकून हवेहूनही गार होते, आणि पहाटे त्याच्या खालच्या अंगास दव साचून पाण्यात ठिबकू लागते. पावसाळ्यातील ढगाळ रात्री हा प्रकार कमी. ह्यावर उपाय म्हणून पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा, किंवा सरळ कौले घालावीत. लोखंडी कैच्यांना जस्ताचा जाड मुलामा हवा, आणि पेडण्याच्या किनाऱ्यालगत शक्य तेथे लाकूडच बरे. देखाव्यासाठी खाली दुसरे छत टांगू नये. जो सांधा, जो बोल्ट डोळ्यांना दिसत नाही व हातांनी धुता येत नाही, त्याच्यावर मुलांच्या डोक्यावरील भार ठेवणे योग्य नव्हे. वर्षातून दोनदा, पावसाआधी व पावसानंतर, कैच्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. ह्यास एक रबरी नळी व एक दिवस पुरतो.

विजेचा प्रश्न मात्र छपराने सुटत नाही. उत्तम तडितरक्षक बसविला तरी गडगडाट जवळ आला की मुलांना बाहेर काढण्याचा नियम पाळावाच लागेल. तसेच चोहोबाजूंनी उघड्या जागेत पानगळ, शेवाळ व डास ह्यांचा बंदोबस्त करणारा माणूस रोज लागतो. हा खर्च यंत्राच्या विजेहून कमी असला तरी तो अंदाजपत्रकात लिहिलेला असावा, एरवी पहिल्या वर्षीच तो कोणाच्या ध्यानात राहत नाही.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. जानेवारीतील एका दुपारी आमच्या त्याच दोन तापमापकांनी सुका ३२ व ओला २३ असे आकडे दाखविले होते. अशा हवेत दोरीवरचा टॉवेल तासाभरात वाळतो, आणि तलावही तितक्याच वेगाने वाफ सोडून गार पडतो; सकाळच्या वर्गास आलेली लहान मुले मग काठावरच कुडकुडत उभी राहतात. त्या दिवशी दर घनमीटर हवेत किती ग्रॅम वाफ होती, आमच्या वर्गाच्या खोलीत किती लिटर पाणी तरंगत होते, आणि पाणी २५ अंशांवर असेल तर बाष्पीभवनाची तफावत आषाढातील दोन मिलिबारांच्या किती पट झाली, हा हिशेब इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावा. लागणारे कोष्टक प्रयोगशाळेतील तराजूच्या कपाटावर लावलेले आहे.